आखाजीला आपणहून जावं का, आणि तुमचे बाकीचे प्रश्न

यावेळी पत्रं बरीच आली आणि त्यातली निम्मी उन्हाळ्याचीच. आखाजी म्हणजे आपली खान्देशातली अक्षय्य तृतीया, माहेर, वाळवणं, बाळंतपण, सुट्टीत गावाला आलेली पोरं. काही पत्रं तीन-तीन पानांची होती, ती कापलीयेत, रागवू नका. नावं टाकत नाही, गाव तेवढं ठेवते, कारण गाव कळल्याशिवाय अर्धे प्रश्न कळतच नाहीत.

ताई, मी शिरपूरकडची, लग्न होऊन पुण्यात आले. आई मागच्या दिवाळीच्या आधी गेली. आता आखाजी येतेय, मुलांना सुट्ट्या लागतायत. दरवर्षी आईचा फोन यायचा, कव्हय येशी म्हणून, यंदा कुणाचाच आला नाही. भाऊ-वहिनी वाईट नाहीत पण अजून या असं म्हटलेलं नाही. नवरा म्हणतो बोलावलं नाही तर जायचं कशाला. पोरं रोज झोक्याचं विचारतात. आपणहून जावं का?

अगं जा. पण आधी फोन कर, आणि तो भावाला नाही, वहिनीला कर. भावाला आखाजीच्या दिवसांत तसंही काही सुचत नाही, शेतकरी असेल तर सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल त्याच दिवशी बदलतं, जुन्याचा हिशोब, नव्याची बोलणी, आणि त्यातून वेळ उरला की पारावर पत्ते आहेतच.

वहिनीने बोलावलं नाही याचा तू जो अर्थ काढतेयस तो मला पटत नाही. इतकी वर्षं बोलावणं तुझी आई करायची. वहिनीच्या मागे सासू होती, तिने फोन करायचा प्रश्नच नव्हता. आता ते काम आपल्याकडे आलंय हे तिच्या अजून डोक्यात आलं नसेल, किंवा आलं असेल आणि भीती वाटत असेल की सासूबाईंसारखं आपल्याला जमेल का, नणंद येऊन नावं तर नाही ठेवणार. फोन तू केलास तर तिचाही जीव भांड्यात पडेल बघ.

दुसरं जरा टोचेल पण बोलते. आखाजी हा आपल्याकडे सासुरवाशिणींचा सण. चैत्रात गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, गाणी होतात, सांजोऱ्या होतात, खापरावरची, म्हणजे चुलीवर उलटं ठेवलेल्या मातीच्या भांड्यावरची, पुरणपोळी आणि आमरस. हे सगळं लेकीसाठी. मग तुझी वहिनी कुणाची लेक नाही का? तू माहेरी झोका घेत होतीस तेव्हा ती चुलीपाशी खापर तापवत होती ना? तिचं माहेर कोणतं, तिला आखाजीला शेवटचं कधी नेलं होतं, तुला आठवतंय का बघ. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचार, की वहिनी तुम्ही कधी जाताय माहेरी? त्यांच्या जाण्याच्या तारखा धरून तुझ्या ठरव. त्या आखाजी करून दुसऱ्या दिवशी निघणार असतील तर तू थांब, घर सांभाळ, भावाला जेवायला कर, त्यांना बिनघोर जाऊ दे. हे एकदा करून बघ, मग पुढच्या वर्षी बोलावणं येतं की नाही ते मला कळव.

आणि यंदा तर तुला जायलाच हवं. वर्षाच्या आत माणूस गेलंय, घरात आईच्या नावाने घागर पुजतील, पितर जेवायला घालतील. त्याला बोलावणं लागत नाही. फक्त पाहुणी होऊन जाऊ नको. सांजोऱ्या पुण्याहून करून ने, रवा-गुळाच्या चार दिवस सहज टिकतात. मांड्यांचा हट्ट धरू नको, खापरावर मांडे टाकणं चार हातांचं काम आहे, एकट्या बाईकडून ती अपेक्षा करायची नाही. साध्या तव्यावरची पुरणपोळीसुद्धा आईच्या नावाने चालते.

झोका मात्र बांधा. दोर आधीच तपासून घ्या, गेल्या वर्षीचा उन्हात कुजलेला असतो.

मी भुसावळला माहेरी बाळंतपणाला आलेय, बाळ वीस दिवसांचं आहे. बाहेर 44-45 तापमान. आजी म्हणते खिडक्या बंद ठेव, वारा लागेल, पंखा नको, बाळाला टोपी-मोजे-दुपटं सगळं, आणि सकाळ-संध्याकाळ खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक. मला पाणीही मोजून देतात, पोट सुटेल म्हणून. बाळाला मात्र घसा सुकेल म्हणून चमच्याने पाणी आणि मध चाटवतात. मी काही बोलले की आजी म्हणते आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का. मला दिवसातून दोनतीनदा रडायला येतं.

सगळ्यात आधी ती शेगडी बाहेर. आज, हे वाचून झाल्या झाल्या. बंद खोलीत निखारे ठेवले की जो वायू तयार होतो त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातं. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या, नाहीतर निखारे अंगणात ठेवून कापड तिथं गरम करून आत आणा. आजींना सांग की तुमच्या वेळी घरं कौलारू होती, धाब्याची होती, वर धारं होतं, धूर बाहेर जायला वाट होती. या स्लॅबच्या खोलीत सरकत्या काचा आहेत, इथं ते चालत नाही. आजींचं चुकलं म्हणण्यापेक्षा घर बदललं म्हणायचं, म्हणजे त्यांनाही मान्य करायला सोपं जातं.

पंखा लावा, कूलरही लावा, फक्त झोत सरळ बाळाच्या अंगावर नको आणि एखादी खिडकी थोडी उघडी असू द्या. पंचेचाळीस अंशात मोजे-टोपी नको. एक पातळ सुती झबलं पुरे. मानेला, पाठीला हात लावून बघायचं, घाम असेल तर कपडे जास्त झालेत.

बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, भुसावळच्या मे महिन्यातसुद्धा नाही, कारण दुधातच पाणी असतं, ऊन जास्त असेल तर जास्त वेळा पाजायचं. मध वर्षाचं होईपर्यंत अजिबात नको, त्यात असलेल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, मध घरच्या पोळ्याचा असला तरी. गुटीही नको. बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा शू करतंय, अंगावर नीट पितंय, तर त्याला पाणी पुरतंय. शू कमी झाली, बाळ मलूल पडलं, पिईना, अंग तापलं तर घरी काढा-बिढा करत बसू नका, लगेच दवाखाना.

आणि तू भरपूर पाणी पी. तहान लागेल तेवढं, मोजून नाही. दूध काही हवेतून येत नाही. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, बाजरीची भाकरी, मेथी, शेपू हे सगळं खा, त्यात आजी शंभर टक्के बरोबर आहेत. उन्हाळ्यात डिंक सोसत नसेल तर एकाच्या जागी अर्धा लाडू खा, कुणी मोजत नाही. आजींना एखादं काम पूर्ण सोपवून दे, म्हणजे मालीश म्हण, तुझं खाणं म्हण, तिथं एक शब्द बोलू नकोस, मग बाकीच्या ठिकाणी त्या तुझं ऐकतील. तुमच्या भागातली आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येऊन बघते, तिला आजींसमोरच हे प्रश्न विचार. बाहेरच्या बाईने सांगितलं की घरात पटतं, आहे ते असं आहे.

रडण्याचं. पहिले दहा-पंधरा दिवस बऱ्याच जणींना असं भरून येतं आणि आपोआप ओसरतं. तुला वीस दिवस झालेत आणि अजून चालूच आहे, म्हणून बाळाला दाखवायला जाशील तेव्हा डॉक्टरांना स्वतःचंही सांग, लाजू नको. त्याआधी बोलावंसं वाटलं तर 14416 हा सरकारी टेलीमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि बाळाला किंवा स्वतःला काही करावं असा विचार एकदा जरी डोक्यात आला तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगायचं, आईला, नवऱ्याला, कुणालाही, आणि दवाखाना गाठायचा.

ताई, ठाण्यात सातव्या मजल्यावर राहते, गॅलरीत ऊन सकाळी तीन-चार तास. मला यंदा माझ्या मुलींना बिबडे, आपले ज्वारीचे पापड, करून दाखवायचेत, गच्चीवरचं ते वाळवण, घाटा खाणं, कावळे हाकलणं, हे त्यांनी बघितलंच नाही. सोसायटीची गच्ची मिळत नाही. विकतचे आणून तळते पण मन भरत नाही. होईल का फ्लॅटमध्ये?

होईल. एक किलो ज्वारी घे, जास्त नको. आपल्या आयांनी पायली-पायलीचे केले ते बघून आपण घाबरतो. आणि हेही लक्षात ठेव की गच्चीवरची ती मजा आपल्या वाट्याला आली कारण आई पहाटे चारला उठून घोटायला बसलेली असायची. आपण उठायचो तोवर धोतरं अंथरलेली आणि पहिले दोन घाणे थापून झालेले, आपलं काम फक्त खायचं आणि काठी घेऊन बसायचं. तुला आता ते चारला उठणारं काम करायचंय, त्या तयारीने कर.

ज्वारी तीन दिवस भिजत ठेव, रोज पाणी बदल, नाहीतर वासाने शेजारी बेल वाजवतील. चौथ्या दिवशी धुऊन निथळून, फडक्यावर जरा कोरडी करून भरड काढ, मिक्सरमध्येही निघते, थोडी थोडी घाल. कोंडा चाळून टाक. पीठ रात्री पाण्यात कालवून ठेव. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळलं की मीठ, तीळ, जिरं, लसूण आणि मिरचीचा ठेचा घाल आणि पीठ ओतताना दुसऱ्या हाताने घोटत राहा. इथं दोन माणसं हवीत, एकटीने केलंस तर हमखास गुठळ्या. झाकण ठेवून मंद आचेवर शिजव, पीठ चकचकीत दिसायला लागतं, ओल्या बोटाला चिकटत नाही, मग झालं समज.

आता आधी वाट्या काढ. गरम घाटा म्हणजे हेच शिजलेलं पीठ, मधे खळगा, त्यात कच्चं तेल. मुली पहिल्यांदा नाक मुरडतील, मुरडू दे, आग्रह करू नको, तू समोर बसून खा.

मग ओल्या सुती कापडावर छोटा गोळा, पाण्याचा हात, आणि तळहाताने नाही, बोटांनी फिरवत थापायचं. तुझं ऊन कमी आहे म्हणून गावच्यापेक्षा लहान आणि पातळ थाप. मोठा जाड बिबडा तीन तासांच्या उन्हात आतून ओला राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला बुरशी येते. दुपारनंतर घरात पंख्याखाली ठेव, सकाळी परत गॅलरीत, अर्धे वाळले की उलटव. कडकड मोडेपर्यंत डबा भरायचा नाही.

आणि सोसायटीत जळगाव-धुळ्याकडच्या दोघीतिघी असतीलच, ठाण्यात काय कमी आहेत का आपली माणसं. गावाला आज हिच्याकडे उद्या तिच्याकडे असं चालायचं, तसं करा. चौघी मिळून सेक्रेटरीकडे गेलात तर गच्चीची चावीपण मिळते, एकटीला नाही मिळत.

नमस्कार. मी दोंडाईचाचा, नोकरी नाशिकला. आम्ही दोघं कामावर, मुलाला माझी आई सांभाळते त्यामुळे पोरगा अस्सल अहिराणी बोलतो. शाळेत डबा खाताना म्हणाला माले नही खावानं, सगळी मुलं हसली. बाईंनी बोलावून सांगितलं की घरी जरा चांगली भाषा बोला. बायको म्हणते आईंना सांगा त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलत जा. आईला हे कसं सांगू?

सांगूच नका भाऊ. आईंनी शुद्ध बोलायचं ठरवलं तर त्या पोराशी निम्मंच बोलतील. गोष्ट सांगताना अडतील, रागावताना अडतील, आणि लाड तर बिलकुल जमणार नाहीत. चार-पाच वर्षांच्या पोराला दोन काय तीन भाषा जड नसतात. कुणाशी काय बोलायचं हे तो सहा महिन्यांत आपोआप वेगळं करतो, शाळेत शाळेची, आजीशी आजीची. आपल्याकडे हे नवीन आहे का? आपला बाजार बघा, एकच दुकानदार शेतकऱ्याशी अहिराणी बोलतो, साहेबाशी मराठी, व्यापाऱ्याशी गुजराती नाहीतर हिंदी. त्याला कुणी कधी वर्गात बसवून शिकवलं होतं?

बाईंना तुम्ही दोघं जाऊन भेटा, भांडायला नाही. म्हणावं, मुलाची घरची बोली अहिराणी आहे, मराठी तो शिकतोय, हसणाऱ्या पोरांना दोन शब्द सांगाल का. हवं तर हेही सांगा की 2011च्या जनगणनेत खान्देशी बोलींच्या नावावर 18 लाखांवर माणसांची नोंद आहे, आणि 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा जमेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय. बाई बहुतेक वाईट नसतात, वर्गात साठ पोरं असतात आणि बोलून मोकळ्या होतात.

वहिनींना भीती वाटतेय ती पोराला हसतील याची आहे, ती खरी आहे, झटकून टाकू नका. त्यांना म्हणा की रोज रात्री एक मराठी गोष्ट तुम्ही वाचून दाखवायची, इंग्रजीचं मी बघतो. म्हणजे भार आईंवर टाकून दोघं मोकळे, असं व्हायला नको. आणि तुम्ही स्वतः आईशी कोणत्या बोलीत बोलता, बायकोसमोर, मित्रांसमोर? फोन आला की उठून बाहेर जाऊन अहिराणी बोलणारे बाप मी पाहिलेत. पोरगं ते बघतंच.

मी कोल्हापूरची, सून झाले धरणगावला. श्रावणात कानबाई, म्हणजे इकडची देवी, बसली, सगळं फार आवडलं, पण रोटाचा प्रसाद माझ्या आईला द्यायला गेले तर सासूबाईंनी हात धरला, बाहेरच्यांना चालत नाही म्हणाल्या. आईसमोर इतकं वाईट वाटलं. माझी आई बाहेरची?

वाईट वाटणारच गं. पण तो तुझ्या आईचा अपमान नव्हता. रोट भाऊबंदकीतच खायचे असतात. काही घरांत तर लग्न झालेल्या पोटच्या लेकीलाही देत नाहीत, आता बोल. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्यासाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून घेतात, कुठं सव्वा मूठ कुठं सव्वा शेर, आणि ते मोजलेले रोट त्या कुळानेच संपवायचे. पूर्वी भांडलेले चुलतभाऊसुद्धा या निमित्ताने एका पंगतीला बसायचे, अजूनही बसतात. मोजणी फक्त पुरुषांची का, हे मीही माझ्या घरी विचारते, उत्तर मिळत नाही, विचारणं सोडायचं नाही.

आईचं म्हणशील तर पुढच्या वर्षी त्यांना रविवारी रात्रीच बोलाव. जागरणाला, गाण्यांना, ओटी भरायला, सोमवारी सकाळी मिरवणुकीत नाचायला कुणालाच बंदी नाही. सासूबाईंना आधी सांगून ठेव की आईसाठी वेगळं ताट काढू, गिलक्याची भजी, गंगाफळाची भाजी, खीर, जे रोटाव्यतिरिक्त असेल ते. सासूबाई हे हौसेने करतील असं मला वाटतं, हात धरायची वेळ त्यांच्यावरही अचानकच आली असेल.

मी चाळीसगावला असते, शिक्षिका आहे. घरातले प्रसंग, आईच्या आठवणी, लेकीच्या गमती असं काहीबाही लिहून ओळखीच्यांना पाठवते, लोकांना आवडतं. पण लेक आता तेराची झाली, तिच्या पहिल्या पाळीच्या वेळी आम्ही मायलेकी किती बोललो ते मी लिहिलं आणि ते तिच्या मैत्रिणीच्या आईपर्यंत गेलं. लेकीने बोलणं टाकलंय. भाऊ पण चिडलाय की आईबाबांची भांडणं कशाला लिहितेस. मग लिहायचं तरी काय? मला लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

लेकीची माफी माग आधी, लांबलचक नको, कारणं देऊ नको, तुझं होतं ते मी विचारल्याशिवाय वाटलं, एवढंच. ज्यांना पाठवलंय त्यांना काढून टाका म्हणून सांग, आणि सांगितलंस हे तिला कळू दे. इथून पुढे तिच्याबद्दलचं काहीही तिला वाचून दाखवायचं आणि ती नको म्हणाली तर नको. लहानपणीचंसुद्धा. तू हौसेने लिहिलेली तिच्या दुसऱ्या वर्षीची फजिती तिला आठवीत जड जाते.

भावाचं थोडं वेगळं आहे. आईबाप तुझेही आहेत, त्यांचं घर तू जसं पाहिलंस तसं लिहायचा हक्क तुला आहे, आणि सगळं साखरेत घोळवून लिहिलेलं माहेर वाचायला कंटाळा येतो हे मी संपादकाच्या टेबलावरून सांगते. प्रत्येक आई अन्नपूर्णा, प्रत्येक बाप वरून कडक आतून मऊ. मग वर्षभर मिरच्या कुणी खुडल्या, विहिरीचं पाणी कुणी ओढलं, पैशावरून बोलणं कुणी खाल्लं? हे लिही. पण लिहायची घाई आणि पाठवायची घाई वेगळी ठेव. वही तुझी, तिथं भावाला विचारायची गरज नाही. पाठवायचं तेव्हा जिवंत माणसाला विचारून.

आणि आई असेल तर नुसतं तिच्याबद्दल लिहू नको, तिचं तिच्या शब्दांत उतरवून घे. बहिणाबाई आसोद्याच्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, दळता-कांडता, शेतात राबता गाणी म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ती टिपून ठेवली म्हणून 1952 साली छापली गेली, बाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तेव्हा घरात कुणाला पेन्सिल सापडली नसती तर आपल्याकडे काही उरलंच नसतं.

आईला "तुझ्या आठवणी सांग" असं विचारलंस तर ती म्हणेल काय सांगायचं, आमचं काय. असं विचारायचं नाही. ती लसूण सोलत असताना फोन रेकॉर्डिंगला लाव, तिला सांगून लाव, आणि विचार की लग्नानंतर पहिल्यांदा शेतात गेलीस तेव्हा भाकरी कशात बांधून नेलीस? तापीला पूर यायचा तेव्हा माहेरची खबर कशी कळायची? सासूने पहिल्यांदा चाव्या दिल्या तो दिवस कोणता? एका प्रश्नावर अर्धा तास जातो. मधे मधे "म्हंजे?" एवढंच बोल. तिच्या बोलण्यातलं माह्यं-तुह्यं सुधारून लिहू नको. तू शिक्षिका आहेस म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

पुण्यात भरताची हिरवी वांगी मिळत नाहीत, जांभळ्या वांग्याचं भरीत आपल्यासारखं का लागत नाही? — यावलकर, सध्या कोथरूड

कारण ते आपल्यासारखं वांगंच नाही. आपलं बामणोद-आसोद्याकडचं भरताचं वांगं फिकट हिरवं, मोठं, गर जास्त आणि बिया कमी. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, केळीलाही त्याच वर्षी. त्यात आपण भाजतो काड्यांवर आणि बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मुसळाने ठेचतो, तुम्ही भाजता गॅसवर आणि फिरवता मिक्सरला. मिक्सर तरी सोडा, लाकडी रवीने किंवा वाटीच्या बुडाने ठेचा. हिरव्या मिरच्या आणि लसूण वांग्याबरोबरच भाजून घ्या, लाल तिखट बिलकुल नको, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल हात आखडता न घेता. आणि आता मे महिन्यात हट्ट करू नका, हे थंडीचं खाणं आहे. डिसेंबरात यावलहून पुण्याकडे येणारं कुणी ना कुणी असतंच, एक पिशवी मागवा. कळण्याचं पीठही त्याच्याचकडून मागवा, नाहीतर ज्वारीत चौथा हिस्सा सालीचे काळे उडीद आणि थोडं मीठ घालून कोथरूडच्या गिरणीत दळून आणा. गिरणीवाला विचारेल हे काय, त्याला भाकरी खायला घाला.